झार्कोच्या नावाचा मॉनिटर

मॉनिटर विकताना दुशित्सा तो आधी बंद करून दाखवायची. बाकीचे दुकानदार चालू करून दाखवतात, हिची तऱ्हाच उलटी.

“वाका जरा. तुमचं तोंड दिसतंय का त्यात?” ती विचारायची.

गिऱ्हाईक वाकायचं, डोळे बारीक करायचं. “नाही बुवा.”

“हीच तर गंमत. मॅट काच. खिडकीसमोर ठेवा, दिव्याखाली ठेवा, चकाकणार नाही. दिवसभर राबून स्वतःचं दमलेलं तोंड बघायला नको.”

नेगोतिन शहराच्या चौकाजवळ, बेकरी आणि चष्म्याचं दुकान यांच्या मधोमध तिचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. भिंतीपलीकडून सकाळभर चीज भरलेल्या बुरेकचा तेलकट वास यायचा आणि वाऱ्याचे दिवस असले की काचेचं दार आपोआप उघडून मिटायचं. दुकानात भारी भारी माल होता, पण खपायचा तो हा एकच मॉनिटर. चोवीस इंची, सगळ्यांत स्वस्त. खाली-वर होत नाही, नुसता मागेपुढे कलतो. स्पीकर नाही. बूड प्लॅस्टिकचं. पण चित्र स्वच्छ, डोळ्यांना त्रास नाही आणि बाजूला उभं राहून बघितलं तरी रंग फिके पडत नाहीत. “कॉम्प्युटर जुना आणि मॉनिटर महागडा, असं नाकापेक्षा मोती जड कशाला?” असं म्हणून ती खोकं पुढे सरकवायची. तिचा त्या मालावर खरोखर विश्वास होता. घरी नवऱ्यासाठीही ती तोच नेणार होती, पण राहून जात होतं.

मार्चमध्ये एका सकाळी पर्सिदामावशी दुकानात आली. रादुयेवात्स गावात दुशित्साच्या घरापासून दोन घरं सोडून ती राहायची. काळा रुमाल, काळा स्वेटर, पायात काळे लोकरी मोजे. तिचा एकुलता एक मुलगा झार्को फेब्रुवारीत गेला होता. लग्न केलेलं नव्हतं, आईजवळच राहायचा. सकाळी कॉफी पिता पिता टेबलावर डोकं टेकलं, ते उचललंच नाही.

“पोरी, एक चांगला मॉनिटर दाखव. फार महाग नको. उधळपट्टी त्याला आवडायची नाही.”

“कुणाला द्यायचाय, मावशी?”

“कुणाला म्हणजे? झार्कोला.”

दुशित्साने मान हलवली. असल्या खरेदीची तिला सवय होती. या बाजूची व्लाख समाजाची माणसं पोमानेला, म्हणजे मेलेल्याच्या जेवणाला, त्याच्या नावानं वस्तू देतात. एखाद्या जिवंत माणसाच्या हातात वस्तू ठेवायची, मेलेल्याचं नाव घ्यायचं, की ती तिकडे पोचते. पूर्वी टॉवेल, आरसा, कंगवा द्यायचे. आता व्हिएन्नात कमावणारी मुलं आईबापांच्या नावानं रेडिओ आणि मोबाइल देत. एकानं तर वॉशिंग मशीन दिलं होतं. दुशित्सा लग्न होऊन चाचाकहून इथे आलेली. तिच्या माहेरी असलं काही नव्हतं. तिला हसू यायचं, पण धंद्यात हसू गिळायचं असतं.

तिने नेहमीचं खोकं उघडलं. मावशीनं मॉनिटरवरून हात फिरवला.

“डोळ्यांना त्रास नाही ना होणार? तिकडे उजेड कमी असतो म्हणतात.”

“कमी उजेडात तर हाच चांगला.”

मावशीनं तो उलटा फिरवला आणि पाठीमागच्या दोन खाचांवर बोट ठेवलं. “वायर दोन लागतात?”

“नाही हो, एकच पुरते. दोन जागा यासाठी, की कुणाला दोन कॉम्प्युटर लावून ठेवायचे असतील तर ठेवता यावेत. ज्यात जीव असेल त्याला मॉनिटर आपोआप शोधून काढतो.”

“आपोआप?”

“आपोआप.”

“मग हाच दे,” मावशी म्हणाली. तिने खोकं छातीशी धरलं. “गेल्या वर्षी मागत होता गं. जुन्यावर मधोमध उभी रेघ आली होती. मी म्हटलं, रेघेच्या दोन्ही अंगांनी दिसतंय ना? मग झालं तर. माझ्यासारखी करंटी आई नसेल.”

 दुशित्साने केबल फुकट दिली.

पोमाना चाळिसाव्या दिवशी मावशीच्या अंगणात झाली. कोशावा सुटला होता. तो वारा डॅन्यूबच्या घळीतून एकदा निघाला की दिवसचे दिवस थांबत नाही. मेणबत्त्या विझत होत्या, बायका हातांचा आडोसा करून त्या पुन्हा लावत होत्या. लांबलचक टेबलावर पाव, उकडलेले गहू, मासे, वाइन होती, मधोमध झार्कोचा फोटो. टेबलाच्या टोकाशी, झार्कोच्या जागी, दुशित्साचा नवरा राडिशा बसला होता. अशा वेळी मेलेल्याच्या वयाचा आणि अंगलटीचा माणूस निवडतात. राडिशा आणि झार्को शाळेत एका बाकावर बसायचे, राडिशा ताठ, झार्को खाली घसरून. मोठेपणीही रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळायचे, तेसुद्धा आपापल्या घरात बसून, कॉम्प्युटरवर.

मावशीनं खोकं राडिशाच्या हातांवर ठेवलं. “हे झार्कोचं असो.”

“बोगदाप्रोस्ते,” राडिशा म्हणाला. देव त्याला क्षमा करो, एवढाच त्याचा अर्थ. पण तो शब्द उच्चारला की वस्तू पोचली आणि घेणारा मेलेल्याच्या जागी बसला, असं गाव मानतं. राडिशानं खोकं मांडीवर घेतलं. त्याचे डोळे भरले होते.

घरी परतताना मात्र तो थट्टेवर आला. “विकलेला माल घरी परत आणणारी दुकानदारीण तू पहिलीच, दुशा.”

“हसू नकोस. मला ते अजिबात आवडलेलं नाही.”

“अगं, फुकट ते पौष्टिक. झार्को तिकडे वापरेल, मी इकडे.”

राडिशा जमीन मोजणीचे नकाशे काढायचा, काम घरूनच चालायचं. रस्त्याकडच्या खोलीत खिडकीजवळ त्याचं टेबल होतं. तिथे मॉनिटर बसला, कामाला लागला. नकाशातल्या केसासारख्या रेघा अगदी सुटसुटीत दिसू लागल्या. पहिले काही दिवस सांगण्यासारखं काही घडलं नाही.

मग दुशित्साच्या लक्षात आलं, की सकाळी मॉनिटर मागे कललेला असतो. ती पुसताना तो सरळ करून ठेवायची, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आढ्याकडे बघत असायचा. बिजागरी ढिली असेल, असं तिला वाटलं. स्वस्तातल्या मालात तेवढं चालायचंच. पण तिने हातानं कलवून बघितला तर बिजागरी चांगली घट्ट होती. दोन्ही हात लावल्याशिवाय हलेना.

“तू करतोस का हे?” तिने विचारलं.

“मान दुखते सरळ बघून,” राडिशा म्हणाला. तो खुर्चीत खाली घसरून, पाठ टेकून बसला होता. पूर्वी तो ताठ बसायचा, इतका ताठ की ती त्याला खांब म्हणून चिडवायची.

एप्रिलमध्ये ती एकदा दुकानातून दुपारी अचानक घरी आली. पावत्यांचं पुस्तक विसरलं होतं. खोलीचं दार उघडंच होतं. राडिशा टेबलाशी बसला होता, पाठमोरा. कॉम्प्युटर बंद होता. त्याचा पंखा नेहमी घरघरायचा, तो गप्प होता. मॉनिटरची केबल टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती. आणि तरीही मॉनिटरवर उजेड होता.

करडा, मळकट उजेड. पावसाळी संध्याकाळी दिवा लावायच्या आधी घरात असतो तसा.

“राडिशा?”

त्याने सावकाश हात पुढे करून बटण दाबलं. उजेड गेला. “डोळ्यांना जरा विश्रांती देत होतो,” तो म्हणाला.

“केबल काढलेली आहे. मग काय दिसत होतं?”

“काही नाही गं. झार्कोची बाजू.”

तो हसला नाही. ती हसण्याची वाट बघत राहिली.

“तिकडे सगळं ठीक आहे,” थोड्या वेळाने तो म्हणाला. “उजेड तेवढा कमी आहे. पण चित्र छान आहे म्हणाला.”

दुशित्सा पावत्यांचं पुस्तक न घेताच दुकानात गेली. दुपारभर तिने त्याच मालाचे दोन मॉनिटर खोक्यातून काढून, केबल न जोडता, नुसते विजेला लावून बघितले. दोन्हींवर ‘सिग्नल नाही’ अशी अक्षरं आली आणि थोड्या वेळात दोन्ही झोपी गेले. असंच व्हायला हवं. ती खुर्चीवर बसली. बेकरीतली बाई पलीकडून कुणावर तरी ओरडत होती आणि तो आवाज ऐकून तिला बरं वाटलं.

मग राडिशा बदलू लागला. एकदम नाही, मीठ पाण्यात विरघळावं तसा. कॉफीत तो दोन चमचे साखर घ्यायचा, ती सुटली. मिरचीचं लोणचं म्हणजे त्याचा जीव की प्राण, ते ताटात पडून राहू लागलं. नकाशे अर्धवट राहिले, कचेरीतून फोन येऊ लागले. सकाळी उठून तो पर्सिदामावशीची लाकडं फोडायला जायचा. कुऱ्हाड कुठे ठेवलीय हे त्याला विचारावं लागत नाही, असं मावशीच कौतुकानं सांगत होती. त्याचे हात गार असत. रात्री झोपेत त्याने तिच्या खांद्यावर हात टाकला की तिला तो हळूच बाजूला ठेवावासा वाटे, आणि असं वाटल्याची लाज वाटे. हा तिचा माणूस होता. खांबासारखा, कंटाळवाणा, जुनेच विनोद पुन्हा पुन्हा सांगणारा. तो तिला परत हवा होता, बाकी काही नको होतं.

“तो मॉनिटर मी बदलून आणते,” एकदा ती म्हणाली. “खराब आहे तो.”

“हात लावू नकोस.” तो ओरडला नाही. तोंडातला घास चावत शांतपणे म्हणाला. “डाव अर्धा राहिलाय.”

एका रविवारी तो मावशीकडे गेला असताना दुशित्सा त्या खोलीत शिरली. बाहेर लख्ख ऊन होतं, वाऱ्यानं खिडकीची झडप आपटत होती. तिने मॉनिटरची केबल काढली, खिशात घातली. मग मागच्या काठाखालचं बटण चाचपून दाबलं आणि दुसरी जागा निवडली, जिला कधीच काही जोडलेलं नव्हतं.

‘सिग्नल नाही’ ही अक्षरं आली नाहीत. करडा उजेड आला.

एक टेबल दिसत होतं. त्यापलीकडे एक रिकामी खुर्ची. मागे भिंत, ओलीच्या डागांची. टेबलावर बुद्धिबळाचा पट होता, सोंगट्या हललेल्या. बस्स, एवढंच. ती बराच वेळ बघत राहिली. चित्र हललं नाही. कुणीतरी काढलेला फोटो असेल, राडिशानं कशात तरी साठवून ठेवला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

खात्री करायला ती बाजूला सरकली. दुकानात गिऱ्हाइकाला ती हेच करायला लावायची. बाजूनं बघा, चित्र तेच राहील.

चित्र तेच राहिलं नाही.

डावीकडे सरकल्यावर तिला खोलीची उजवी बाजू दिसली, जी समोरून दिसत नव्हती. खिडकीच्या कडेला उभं राहून आत डोकवावं तसं. ती आणखी सरकली. भिंतीचा कोपरा आला. कोपऱ्यापलीकडे एक दार होतं आणि दाराशी लांब बाक.

बाकावर माणसं बसली होती. म्हातारी, तरुण, ओळीनं. कुणाच्या खांद्यावर टॉवेल होता, कुणाच्या मांडीवर आरसा, कुणाच्या हातात पाव. एका बाईनं कानाशी रेडिओ धरला होता. ती सगळी आपापल्या वस्तूंकडे बघत होती.

ज्यांच्या हातात काहीच नव्हतं, ती दुशित्साकडे बघत होती.

तिने बटण दाबलं. एकदा, दोनदा. उजेड गेला तेव्हा तिच्या तोंडातून आवाज निघत होता, आणि तो आपलाच आहे हे तिला उशिरा कळलं.

ती तशीच मावशीच्या घरी धावली. राडिशा मागच्या बाजूला लाकडं रचत होता. मावशी चुलीपाशी होती. दुशित्साने तिचे दोन्ही हात धरले.

“मावशी, माझ्या माणसाला सोडवा. मी तुमच्या रीतीला हसले असेन तर मला माफ करा. काय करायचं ते सांगा. दिलेलं परत कसं करतात?”

मावशीनं तिच्याकडे बघितलं. मग दाराबाहेर बघितलं, लाकडं रचणाऱ्या पाठीकडे. किती तरी वेळ तिची नजर तिथून हलली नाही.

“दिलेलं परत होत नाही,” ती म्हणाली. “पाण्यात सोडतात. पाणी सगळं नेतं.”

“डॅन्यूबमध्ये?”

“हो. पण विझवून सोडायचं नाही. तो समोर बसलेला असेल आणि तिकडचा उजेड असेल, तेव्हाच विजेची वायर ओढ. एकदम ओढ. आणि मॉनिटर तसाच उचलून ने, मागे बघू नकोस.”

“हीच रीत आहे ना, मावशी?”

“गावात विचार कुणालाही,” मावशी म्हणाली आणि चुलीकडे वळली.

दुशित्साने कुणालाही विचारलं नाही. इतकी वर्षं त्या गावात राहून तिने एकाही रीतीची चौकशी केली नव्हती. आता कुणाचं दार वाजवून काय म्हणणार? आणि मावशीचं काळीज आईचं होतं. आईसारखं दुसऱ्याचं दुःख कोण जाणणार, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने दुकान उघडलं नाही. दुपारी खोलीच्या दाराशी उभी राहिली.

राडिशा खुर्चीत घसरून बसला होता. डोळे उघडे होते. तोंडही थोडं उघडं. मॉनिटरवर करडा उजेड होता.

“राडिशा,” तिने हाक मारली.

तो हलला नाही. छाती इतकी सावकाश खाली-वर होत होती, की तिला वाकून बघावं लागलं.

मॉनिटरवर त्या टेबलाशी आता दोन माणसं बसली होती. दोघंही पटावर वाकलेली. चेहरे उजेडाच्या बाहेर होते. एकाचा हात पुढे आला, सोंगटी उचलून ठेवली गेली. तोच मग मागे टेकला, जिंकल्यासारखा, आणि उठून उभा राहिला.

तो काचेकडे चालत आला. मग काचेच्या अगदी जवळ येऊन बाजूला झाला, दिसेनासा झाला.

दुशित्सा खाली बसली. प्लग टेबलामागे होता.

काचेपलीकडे पटाशी बसून राहिलेला माणूस धडपडून उठला. खुर्ची उलटी पडली, पण तिचा आवाज आला नाही. तो काचेपाशी आला आणि त्याने तळहात काचेवर आपटला. पुन्हा आपटला. बोटात लग्नाची अंगठी होती.

दुशित्साने वायर ओढली.

उजेड लगेच गेला नाही. बाकी सगळं विझल्यावरही तो पंजा क्षणभर तसाच दिसत राहिला, मॅट काचेवर, पाची बोटं पसरलेला.

तिच्या पाठीमागे दीर्घ श्वास घेतल्याचा आवाज झाला. खूप वेळ पाण्याखाली राहिलेला माणूस वर येऊन घेतो तसा.

“आई,” राडिशा म्हणाला.

माणूस घाबरून उठला की आईलाच हाक मारतो, असं तिच्या मनात आलं. राडिशाची आई जाऊन कित्येक वर्षं झाली होती. तिने मागे बघितलं नाही. मॉनिटर उचलला, कोटाखाली घेतला आणि नदीकडे चालू लागली. जुन्या धक्क्यावर कुणी नव्हतं. वाऱ्यानं पाणी उलट्या अंगाला सरकत असल्यासारखं वाटत होतं. तिने तो दोन्ही हातांनी फेकला. प्लॅस्टिकचं बूड थोडा वेळ वर राहिलं, मग तेही गेलं.

घरी आली तेव्हा राडिशा ओट्याशी उभा राहून भाकरीसारखा जाड पाव तोडून खात होता. गालांवर रंग आला होता. त्याने तिचा हात हातात घेतला आणि त्याचे हात गरम होते. दुशित्सा त्याच्या गळ्यात पडून पोटभर रडली.

त्यानंतरचे महिने चांगले गेले. तो पोटभर जेवे, शांत झोपे. नकाशांचं काम त्याने सोडून दिलं. आता त्यातलं काही आठवत नाही म्हणाला. एवढ्या आजारपणातून उठलेल्या माणसाला एवढं चालायचंच. कॉफीत साखर नको असली तर नको. जुने विनोद तो सांगत नसे, तर तिने ते सांगून बघितले. तो सभ्यपणे हसला, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा. ती त्याच्याकडे फार निरखून बघत नसे. बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं असं नाही. डोळेच दुसरीकडे वळत. पर्सिदामावशीला तो आता आई म्हणायचा. गावाला त्याचं मोठं कौतुक होतं. बिचारीचा एक गेला, देवानं दुसरा दिला, असं बायका म्हणत.

फेब्रुवारी आला. वर्षाची पोमाना सगळ्यांत मोठी असते. दुशित्साने सकाळी पाव भाजला, काळा रुमाल बांधला आणि पाव फडक्यात गुंडाळून मावशीच्या घरी गेली.

अंगणात टेबल मांडलेलं नव्हतं. मेणबत्त्या नव्हत्या, माणसं नव्हती. मावशी उन्हात घोंगडीवर बसून सुक्या शेंगा सोलत होती. तिच्या डोक्याला लाल फुलांचा रुमाल होता. घरामागून कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत होते, एका लयीत.

“मावशी, आज झार्कोचं वर्ष ना?”

“असेल.”

“मग जेवण? गावात तर सात वर्षं कुणी चुकवत नाही म्हणतात.”

“मेलेल्याचं चुकवू नये,” मावशी म्हणाली. शेंग तडकली, दाणे टोपलीत पडले.

कुऱ्हाड थांबली. “आई, एवढी पुरेत का?” मागून आवाज आला. राडिशाचाच आवाज, पण बोलण्याची ढब झार्कोची, आळसावलेली.

“पुरेत रे, राजा. हात धू, जेवायला ये.”

दुशित्साने पाव पुढे केला. दुसरं काय करावं ते तिला सुचेना. त्याचं फडकं सुटलं. मावशीनं ते हळुवारपणे पुन्हा गुंडाळलं आणि पाव तिच्याच हातात परत ठेवला. तिच्या नजरेत दया होती, खरी, मनापासूनची. तिने आवाज अगदी खाली आणला.

“हा इथे नको ठेवूस, पोरी. तुझ्या माणसाच्या नावानं दे कुणाला तरी. वर्ष होत आलं. तो तिथे रिकाम्या हातांनी बसलाय.”